ती काठी जरा बाजूला घ्या

पाडव्याच्या संध्याकाळची गोष्ट. ३० मार्च २०२५, रविवार. गुढी सूर्यास्ताला उतरवायची असते हे मला दरवर्षी माहीत असतं आणि दरवर्षी उशीर होतो, कारण श्रीखंड-पुरी आणि बटाट्याची भाजी ओरपून दुपारी आडवं झाल्यावर जी झोप लागते ती काही साधी झोप नसते. उठलो तेव्हा आई दुसऱ्यांदा हाक मारत होती, "अरे दिवे लागले सगळीकडे, गुढी काढ ती." सात वाजून गेले असतील. गॅलरीत गेलो, हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, चिमूटभर साखर ठेवली आणि ग्रिलला बांधलेली सुतळी सोडायला लागलो. गाठ मीच सकाळी घाईघाईत मारलेली, दिवसभराच्या उन्हात ती अशी आवळून बसली होती की नखं दुखायला लागली. कडुलिंबाची वाळकी पानं अंगावर गळत होती, साखरेच्या गाठीला मुंग्यांची लाईन लागलेली, त्यातल्या दोन-चार माझ्या मनगटावर. आणि नेमका तेव्हा शेजारच्या गॅलरीतून आवाज आला, "ओ, ती काठी जरा बाजूला घेता काय?"

मी वळून बघितलंही नाही. "का? काय झालं?"

आता हे 'का, काय झालं' लिहिताना अगदी साधं दिसतंय. पण ते मी कोणत्या आवाजात म्हणालो ते मला माहितीये. ट्रेनमध्ये कुणी पाय बाजूला घ्या म्हणालं की आपण ज्या आवाजात बोलतो ना, त्याच्याही दोन पायऱ्या वरचा. त्या एका सेकंदात डोक्यात जे काय येऊन गेलं ते सगळं वाक्यासकट आठवतंय. आमची गुढी. आमच्या गॅलरीत. आमच्या सणाला. आणि बाजूला घ्या? आणि काठी काय काठी, गुढी म्हणायला काय होतं? एरवी वर्षभर मी गुढीला 'आमची' वगैरे म्हणत नाही, खरं सांगायचं तर दरवर्षी ती उभी करायची म्हणजे कपाटाच्या मागची काठी शोधण्यापासून कटकटच असते. पण त्या सेकंदाला ती एकदम आमची झाली.

"चंद्र दिसत नाय ओ," काका म्हणाले.

आमच्या गॅलरीतून पश्चिमेचं आभाळ दिसतं ते एवढंसं, समोरच्या दोन टॉवरच्या मधल्या फटीतून, त्यातला एक टॉवर अजून हिरव्या जाळीत गुंडाळलेला. काकांच्या गॅलरीतून बघितलं तर त्या फटीच्या बरोब्बर मध्ये माझी गुढी, खणाचा घोळ आणि वरचा उपडा गडू. एकोणतिसावा रोजा सोडून झाला होता, काका हातात खजुराची बी तशीच धरून उभे, पांढरा सदरा, लुंगी, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, आणि बाजूला त्यांचा नातू ग्रिलवर चढलेला. बायकोनं कात्री आणून दिली, मी सुतळी कापली आणि काठी आडवी करून आत घेतली. मग आम्ही सगळेच बघायला लागलो. माझ्या मुलीला पहिला दिसला, "तो बघा, क्रेनच्या डावीकडे!" नखाएवढी कोर, धुरकट आभाळात आहे की नाही अशी. नातवाला दिसला, मला दिसला, काकांना दिसेना. तेवढ्यात आतून त्यांच्या सूनबाईंनी सांगितलं की मेसेज आलाय, हिलाल कमिटीनं चंद्र दिसल्याचं जाहीर केलं. काका म्हणाले, "ते केलं असेल. मला दिसला पायजे." आणखी दोन मिनिटं मान इकडं-तिकडं करत राहिले, आणि मग एकदम थांबले, दोन्ही हात वर उचलले आणि ओठ हलायला लागले. मी तिथंच, खांद्यावर गुढीचा खण, हातात तांब्याचा गडू, कुणीतरी चोरी करताना पकडल्यासारखा.

मुलीनं त्या गडबडीत फोटो काढला होता. पुढे कडुलिंबाचा डहाळा आणि माझा अर्धा हात, मागे लांबवर ती कोर. मी तो स्टेटसला टाकला, 'पाडव्याची गुढी आणि ईदचा चांद', आणि अर्ध्या तासात हृदयंच हृदयं. हीच खरी मुंबई. असंच राहू दे. एका शाळेतल्या मित्रानं तर ज्याच्याशी माझं वर्षभरात धड बोलणं नाही त्यानं लिहिलं, डोळ्यात पाणी आलं भावा. मी सगळ्यांना हात जोडलेला इमोजी पाठवत बसलो. फोटोत खोटं काहीच नव्हतं. फक्त फोटोच्या आधीची दोन मिनिटं त्यात नव्हती.

रात्री झोप येईना. दुपारी झोपलो होतो म्हणून, असं बायको म्हणाली.

तसा मी काही 'तसला' माणूस नाही, हे मी स्वतःला बरेच दिवस पटवत होतो, आणि पटवायला माझ्याकडे पुरावेही होते. दर रमजानला आमची ऑफिसची गँग मोहम्मद अली रोडला जाते, न चुकता. क्रॉफर्ड मार्केटला उतरायचं आणि गर्दीबरोबर सरकत सरकत मिनारा मशिदीच्या गल्लीत शिरायचं. ती परातीएवढी कढई, त्यात मालपुवा पसरतो तेव्हा येणारा तुपाचा आणि अंड्याचा वास, मातीच्या सपाट वाटीतली फिरनी, तिचा वर धरलेला पापुद्रा चमच्यानं फोडायचा आणि शेवटी वाटीला लागलेली खरवडून खायची, जिभेवर थोडी माती पण येते, ती हवीच. कबाबांच्या धुरानं डोळे चुरचुरतात, शर्टाला दोन दिवस वास राहतो. हे सगळं मला मनापासून आवडतं, आणि कुणी त्याला नुसतं खादाडपण म्हणालं तर मी भांडेन. पण मी माझगावला वाढलेला माणूस. लहानपणी ही मशीद चालत वीस-पंचवीस मिनिटांवर होती आणि आता मी तिथं टूर काढल्यासारखा जातो, फोटो काढतो, खातो, येतो. तिथल्या एकाही घरात माझी ओळख नाही. जेजे फ्लायओव्हर झाल्यापासून तर खाली उतरायचीही गरज राहिली नाही, गाडी सरळ दुसऱ्या मजल्यांच्या खिडक्यांसमोरून जाते, आत पंखा फिरताना दिसतो, वाळत टाकलेला दुपट्टा दिसतो, कुणीतरी पान लावताना दिसतं, आणि तीन मिनिटांत आपण पार.

चिपळूणकाकांशी ओळख आहे ती म्हाडाच्या कृपेनं. (चिपळूणकाका हे नाव माझ्या मुलीनं ठेवलेलं, ते चिपळूणचे म्हणून. त्यांना माहितीये, ते चालवून घेतात.) प्रतीक्षानगरला आमची दोघांची लॉटरी लागली, शेजारशेजारची घरं, आणि लॉटरीच्या सोडतीत शेजारी निवडता येत नाही हे मुंबईवर म्हाडाचे मोठेच उपकार आहेत. कारण एरवी या शहरात घर भाड्यानं हवं म्हणून फोन केला की ब्रोकर बजेटच्या आधी आडनाव विचारतो. काकांच्या मुलीला लग्नानंतर जवळपास भाड्यानं जागा हवी होती, चार महिने हिंडली, कुणी सरळ नाही म्हणत नाही, सगळे अगदी गोड बोलतात, 'आम्हाला काय प्रॉब्लेम नाही हो, पण सोसायटी ऐकणार नाही.' आमच्या सोसायटीच्या नोटिशी मात्र काकाच लिहितात. म्युनिसिपालिटीत क्लार्की केलेली, अक्षर मोत्यासारखं, आणि मी एकदा 'पाणीपुरवठा'मधला पु दीर्घ लिहिला तर त्यांनी लाल पेनानं गोल करून नोटीस परत पाठवली होती.

त्या रात्री, म्हणजे चांदरातीला, साडेदहाच्या सुमारास कचऱ्याची पिशवी ठेवायला दार उघडलं तर काका पॅसेजमध्ये स्टूल टाकून बसलेले. घरात बायकांची मेंदी आणि शेवयांची धांदल, बसायला जागा नाही म्हणे. मांडीवर वही, फितऱ्याचा हिशोब चाललेला, घरातल्या प्रत्येक माणसामागं ठरावीक रक्कम, अगदी नुकतं जन्मलेलं पोर असलं तरी त्याच्याही नावानं, आणि ती ईदच्या नमाजाच्या आधी गरिबाच्या हातात पडली पाहिजे, म्हणजे त्याच्याही घरी उद्या चूल पेटेल. "नंतर देऊन काय उपयोग, सण झाल्यावर?" ते म्हणाले. मला माफी मागायची होती. पण कशाची मागणार, मी बोललो तर फक्त 'का, काय झालं'. म्हणून मी भलतंच विचारलं, की यंदा पाडवा आणि ईद एवढे चिकटून कसे आले.

हा विषय निघाला की काका खुलतात. "असं बगा, आमचा महिना चंद्रावर आणि तुमचा पण चंद्रावर. तुमची अमावास्या झाली की पाडवा, आमची कोर दिसली की पहिली तारीख. फरक इतकाच की तुमी मधून मधून अधिक महिना घालून सूर्याशी मिटवून घेता. आमी नाय घेत." म्हणून रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि पाडवा चैत्र सोडत नाही. २०२२ आणि २०२३ ला पाडव्याच्या पाठोपाठ रमजान लागला होता. मग २०२३ ला अधिक श्रावण येऊन गेला, तर २०२४ ला पाडवा ९ एप्रिल आणि ईद ११ एप्रिल, आणि यंदा तर लागोपाठ. पुढच्या वर्षी पुन्हा असेच जवळजवळ असतील, त्यानंतर मात्र २०२६ चा अधिक ज्येष्ठ मध्ये येणार आणि जोडी फुटणार. मग पुन्हा तीस-बत्तीस वर्षं वाट बघा. "तेव्हा मी नसणार, तुमची पोरगी बघेल," काका म्हणाले. पुढं म्हणाले की चिपळूणला त्यांच्या घरामागं कळकाचं बेट होतं, पाडव्याच्या आदल्या दिवशी वाडीतली माणसं कोयता घेऊन यायची, काठी न्यायला. "सरळ बघून आमचे बावाच काढून द्यायचे. गुढी तुमची, पण काठी आमची असायची ना." आणि हसले. मी पण हसलो आणि आतल्या आत कुठंतरी मेल्यासारखं झालं, कारण संध्याकाळी मला त्या 'काठी' शब्दाचाच राग आलेला.

मग मी विचारलं, याआधी कधी आलं असेल असं? काकांनी बोटांची पेरं मोजली. "ब्याण्णव. त्र्याण्णव."

आणि दोघंही गप्प बसलो. मुंबईतल्या माणसाला ही सालं सांगितल्यावर पुढं बोलायला लागत नाही.

१९९३ ला मी नऊ वर्षांचा होतो. डॉकयार्ड रोड स्टेशनपासून पाच मिनिटांवर आमची चाळ, बाबा गोदीत. समोरच्या बिल्डिंगीत तळमजल्याला खाला राहायची. तिचं नाव काय होतं ते आजही मला माहीत नाही, सगळी गल्ली तिला खालाच म्हणायची. आईचे ब्लाऊज ती शिवायची. तिच्या खोलीत गेलं की मशीनच्या तेलाचा वास आणि कोऱ्या कापडाचा वास, आणि ती तोंडात टाचण्या धरून बोलायची त्यामुळे तिचं निम्मं बोलणं कळायचंच नाही. ईदला तिच्याकडून शीरखुर्मा यायचा. त्यात शेवया कमी, खारीक जास्त, रात्रभर दुधात भिजून मऊ झालेली, चारोळीचं साल नीट निघालेलं नसायचं, आणि वर तुपाचे बारीक बारीक गोल तरंगायचे, ते मी बोटानं एकमेकांत मिसळवत बसायचो. आमच्याकडून तिच्याकडे दिवाळीचा फराळ, संक्रांतीचा तिळगूळ, पाडव्याचं श्रीखंड. सगळं एका छोट्या स्टीलच्या डब्यातून, ज्याच्यावर ठिपक्याठिपक्यांनी बाबांचं नाव घातलेलं. तो डबा कधी रिकामा परत यायचा नाही. काहीच नसलं घरात तर खाला त्यात मूठभर साखर घालून द्यायची. आईचंही तसंच.

त्या वर्षी डिसेंबर-जानेवारीत काय झालं ते सगळ्यांना माहितीये, मी काही वेगळं बघितलं नाही. कर्फ्यू, रात्री गच्चीवर काठ्या घेऊन बसलेले बाबा आणि चाळीतले काका लोक, कुणीतरी सांगायचं समुद्रातून बोट आलीये, दुसरा सांगायचा दूध पिऊ नका. आम्हाला शाळा बंद म्हणून आनंद. मग १२ मार्च, तो बॉम्बस्फोटांचा शुक्रवार. बाबा रात्री चालत घरी आले, चपलेचा अंगठा तुटलेला. आणि त्यानंतर बाराच दिवसांनी पाडवा आणि पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी ईद. हे मला तेव्हा कुठं कळत होतं, आता काकांनी पेरं मोजल्यावर सगळं जुळलं. आईनं आदल्या रात्री नेहमीसारखा दह्याचा चक्का मोरीच्या नळाला टांगला होता, थेंब थेंब पाणी बादलीत पडत होतं रात्रभर. दुपारी तिनं डबा भरला, वर चारोळ्या टाकल्या आणि मला म्हणाली, खालाला देऊन ये. नेहमी ती स्वतः जायची, गप्पा मारून यायची. त्या दिवशी मला पाठवलं.

गल्लीच्या तोंडाशी मोठी मुलं बसली होती. ज्यांच्याबरोबर मी क्रिकेट खेळायचो, म्हणजे ते खेळायचे आणि मी गटारातून बॉल काढायचो, तीच. त्यातला एक म्हणाला, "काय रे, तिकडं चाललास?" बस, एवढंच. मारलं नाही, धमकावलं नाही. पण 'तिकडं' हा शब्द त्यानं असा उच्चारला की समोरची बिल्डिंग, जिथं मी डोळे मिटून जाऊ शकलो असतो, ती एकदम लांब गेली. मी म्हणालो, नाही, दुकानात चाललोय. दुकानापर्यंत गेलो. परत आलो. घरी जायची हिंमत नाही, कारण आई विचारणार. मग चाळीच्या वरच्या जिन्यात, गच्चीच्या कुलूप लावलेल्या दारापाशी बसलो आणि डबा उघडून बोटांनी खायला लागलो. खायचं म्हणून नव्हे, संपवायचं म्हणून. जायफळाचा वास, जिन्यात कबुतरांच्या शिटांचा वास, घशाशी आलं तरी खात होतो. मग खालच्या सार्वजनिक नळावर डबा धुतला आणि घरी गेलो.

"दिलास?"

"हो."

आईनं झाकण उघडलं. आत बघितलं. बराच वेळ बघत होती असं मला वाटलं, कदाचित तेवढा वेळ नसेलही. "काही म्हणाली?" मी म्हटलं, नाही. तिनं डबा पुन्हा विसळला, पुसला आणि फळीवर उपडा ठेवला.

दुसऱ्या दिवशी शीरखुर्मा आला नाही. का येईल? खालाच्या बाजूनं बघितलं तर इतक्या वर्षांत पहिल्यांदाच पाडव्याला आमच्याकडून काही गेलं नव्हतं, आणि तेही त्या वर्षी. आणि आईच्या बाजूनं बघितलं तर तिनं श्रीखंड पाठवलं होतं आणि डबा रिकामा परत आला होता. मध्ये मी. मेमध्ये ती मंडळी मुंब्र्याला गेली, तेव्हा बरेच जण जात होते. एका सकाळी पाववाल्यानं पावाबरोबर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुडकं आणून दिलं. आईचा ब्लाऊजपीस राहिला होता खालाकडे, जांभळा, तो शिवून पाठवलेला. पैशाचा निरोप नाही, कसलाच निरोप नाही. दंडाला घट्ट झाला होता, आईनं उसवून बघितलं तर आत खालानं नेहमीसारखी दोन बोटं माया ठेवलेली होती. ती सोडून आईनं तो बरीच वर्षं वापरला.

मोठेपणी वाचलं की भिवंडी, जी १९७० ला आणि १९८४ ला पेटली होती, ती डिसेंबर ९२ मध्ये शांत राहिली, कारण सुरेश खोपडे या पोलिस अधिकाऱ्यानं तिथं आधीच मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या होत्या, दोन्हीकडची माणसं एकत्र बसवली होती. नंतर मुंबईतही तशा कमिट्या झाल्या. चांगलंच काम आहे ते, मला त्याबद्दल आदर आहे. पण वाचताना माझ्या डोक्यात आलं की आमच्या गल्लीत जी काय कमिटी होती ती एका डब्याची होती आणि तिचा शिपाई मी होतो.

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही.

ईदच्या सकाळी अकराच्या सुमारास काकांचा नातू नव्या कोऱ्या कुर्त्यात दोन डबे घेऊन आला. कुर्त्याची घडी मोडलेली नव्हती आणि अंगाला अत्तराचा एवढा वास की आमची मांजर शिंकली. एका डब्यात शीरखुर्मा, दुसऱ्यात सांदणं. आमच्याकडे कोकणात सांदण म्हणजे फणसाचं पिवळं, त्यांचं पांढरंशुभ्र, तांदळाचं, फुगलेलं, पण नाव तेच. मुलीनं त्याला मिठी मारली, बायकोनं ईदी म्हणून पन्नासची नोट दिली, तो लाजला आणि घेतली. आई डायनिंग टेबलाशी वाटी घेऊन बसली. ती बहात्तरची आहे, डॉक्टरनं गोड बंद केलंय, सणाला कोण ऐकतं. दोन चमचे खाल्ले आणि म्हणाली, "चांगला आहे. खारीक जरा कमी आहे. खाला जास्त घालायची."

बत्तीस वर्षांत आईच्या तोंडून खालाचं नाव मी ऐकलं नव्हतं. निदान मला आठवत नाही.

मग मी सांगितलं. मुलगी आत होती, बायको किचनमध्ये, मी फ्रीजला टेकून उभा. नाक्यावरची मुलं, 'तिकडं', जिना, नळ, सगळं. सांगताना मला वाटत होतं की आता आई रडेल, किंवा चिडेल, किंवा डोक्यावरून हात फिरवून 'लहान होतास रे' म्हणेल, आणि खरं सांगतो, मला त्यातलं शेवटचं हवं होतं.

"माहितीये," आई म्हणाली.

"काय माहितीये?"

"रिकामा डबा आणलास तेव्हाच कळलं. खालाकडून रिकामा डबा येईल होय कधी? आणि तुझ्या बोटांना जायफळाचा वास येत होता." तिनं वाटीतली एक खारीक चमच्यानं कडेला घेतली, बी आहे का बघितलं.

"मग तेव्हा विचारलं का नाहीस मला?"

"विचारलं असतं तर मग मला स्वतःला जावं लागलं असतं."

पंख्याचा आवाज येत होता. किचनमधला नळ बंद झाला, म्हणजे बायकोनंही ऐकलं असणार. आईनं वाटी खरवडून संपवली, पाणी प्यायली. ती काही दुःखात वगैरे बुडालेली दिसत नव्हती, गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि फ्रीजसमोरून मला हातानं बाजूला सारलं.

"कालचं श्रीखंड आहे थोडं, ते भर त्या डब्यात. आणि तू जा. पोरीला पाठवू नकोस."

श्रीखंडाला कडेनं पाणी सुटलं होतं, चमच्यानं ढवळून एकसारखं केलं, वर चारोळ्या टाकल्या. काकांचं दार सताड उघडं, बाहेर पाहुण्यांच्या चपलांचा ढीग थेट आमच्या उंबऱ्यापर्यंत आलेला, आतून बिर्याणीचा वास आणि पाच-सहा आवाज एकदम. काकांनी डबा दोन्ही हातांनी घेतला, झाकण उघडून वास घेतला, सुनेला हाक मारली. मी म्हटलं, काका, काल संध्याकाळी मी जरा... आणि पुढचा शब्द सापडेना. काकांनी बहुतेक ऐकलंच नाही, किंवा ऐकलं असेल.

"तुमची गाठ बघितली मी काल," ते म्हणाले. "कात्रीनं कापायला लागली. पुढल्या वर्षी एक-दोन दिवस मागंपुढं होईल, तरी पण काठी जरा डावीकडं बांधू. मी येतो सकाळी, मला हाक मारा."